ग्रॅनाइटचं टेबल आणि रिकामा डबा

अमिरातीतल्या अल ऐनच्या विद्यापीठात माझं काम एवढंच: बंद डब्यात युरेनियम किती आहे, ते डबा न उघडता सांगायचं. अणुइंधनाची तपासणी करणाऱ्यांना प्रत्येक डबा फोडून बघता येत नाही. म्हणून आतून बाहेर पडणारे गॅमा किरण डिटेक्टरने पकडायचे आणि माल ओळखायचा. त्याचीच एक नवी पद्धत आम्ही बसवत होतो.

आमचे संचालक मूळचे मुंबईचे, राहायला दुबई मरीनात. लॅबमधलं जुनं लाकडी टेबल त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. बडे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी मला न विचारता काळ्या ग्रॅनाइटचं टेबल बसवून घेतलं.

"आता कसं प्रीमियम वाटतंय!"

त्या टेबलावर मी रिकामा डबा ठेवून डिटेक्टर लावला, तर स्क्रीनवरच्या आलेखात नेमकं युरेनियमच्या जागी टोक वर आलं. ग्रॅनाइटमध्ये मुळातच किंचित रेडियम असतं, आणि त्याची खूण युरेनियमच्या खुणेला अगदी खेटून येते.

"सर, हे टेबल काढावं लागेल."

"टेबल? मॅडम, दगड ब्राझीलहून आलाय. तुम्ही तुमचा डिटेक्टर अ‍ॅडजस्ट करा."

पाहुणे आले. खजूर झाले, फोटो झाले. सरांनी स्क्रीनकडे हात केला. "बघा, डबा बंद आहे, तरी आतलं युरेनियम पकडलं!"

टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "किती ग्रॅम?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डबा न उघडण्याचा मला पगार मिळतो. मी झाकण काढलं आणि डबा उलटा करून दाखवला. "काहीच नाही. हे टेबलातनं येतंय."

बाई खळखळून हसल्या. मला वाटलं, आता तरी सर ओशाळतील. कसलं काय!

"म्हणजे किती सेन्सिटिव्ह आहे बघा," सर म्हणाले. "दगडातलंसुद्धा सोडत नाही!"

पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या आठवड्यात मी तळघरातल्या कोठीत लाकडी टेबल शोधून काढलं आणि काम तिथेच मांडलं. पद्धत तिथे बिनचूक चालली. वरच्या लॅबमध्ये आता ग्रॅनाइटवर एक बिघडलेला डिटेक्टर आहे, शेजारी फुलदाणी. पाहुण्यांना तोच दाखवतात.

हे सगळं घरी सांगितलं, तर लेकीने मोबाइलवरून मानही वर न करता विचारलं, "सो यू वर्क इन अ स्टोअररूम, आई?"

"हो," म्हटलं, "आणि तिथला एसीसुद्धा धड चालत नाही."