माडीवरचं सुतक

केडगावात गहिनीनाथांइतका माणूसघाणा शोधून सापडला नसता, आणि त्याचा त्यांना चांगलाच अभिमान होता. नागापूरच्या कारखान्यातली नोकरी सोडल्यापासून ते माडीवरच्या खोलीत एकटे राहत. खाली थोरला भाऊ कारभारी आणि वहिनी छबूबाई. वहिनीने ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचं, यांनी रिकामं करून तिथंच सरकवायचं. मध्ये शब्द नाही. पुढं कारभारी वारला, तेव्हाही हे मातीला उतरले नाहीत. गर्दी सहन होत नाही म्हणाले. छबूबाईने तेही गिळलं. सुतक फिटल्यावर ताट पुन्हा पायरीवर येऊ लागलं.

नव्याण्णव साली गहिनीनाथांनी कॉम्प्युटर घेतला, फोनला इंटरनेट जोडलं आणि देशोदेशीच्या एकांतप्रेमी मंडळींच्या गटात शिरले. मग काय विचारता! माणसं कशी टाळावीत यावर ही मंडळी दिवसभर एकमेकांशी बोलत. कुणाला ताप आला की चौकशा, कुणाचं मांजर हरवलं की हळहळ, आणि एखादा दोन दिवस दिसला नाही तर सगळे कासावीस. गहिनीनाथांच्या इतक्या ओळखी उभ्या जन्मात झाल्या नव्हत्या. कॅनडातला पीटर तर जिवाभावाचा झाला. आपल्याला कुणाची गरज लागत नाही, असं ते त्याला मोठ्या दिमाखात लिहीत. ताट कोण आणून ठेवतं, ते लिहायचं राहून जाई.

एका सकाळी पीटर गेल्याची बातमी गटावर आली. गहिनीनाथ हुंदके देऊन रडले. दुपारचं ताट तसंच राहिलं. छबूबाईने खालून हाक मारून विचारलं, तेव्हा आपला माणूस गेला, एवढंच ते दाराआडून म्हणाले.

एवढं पुरलं. छबूबाईकडून बातमी आळीभर झाली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. दिवेलागणीला आळीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या, पुरुष खालच्या खोलीत चेहरे पाडून बसले. कोण गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारणं बरं दिसत नव्हतं. छबूबाई ताट वाढून वर गेली आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून खोलीत आली.

"कुठले हुते?" तिने विचारलं.

"कॅनडाचा. पीटर."

"कवा भेटले हुते तुमाला?"

"भेट कधी झालीच नाही, वहिनी," ते म्हणाले.

छबूबाईने ताट पुढ्यात ठेवलं. आवाज जराही चढला नाही.

"तुमच्या भावाचा बी लई जीव हुता तुमच्यावर, भाऊजी. ते जरा लांब ऱ्हायला पायजे हुते."

ती खाली गेली. कॉम्प्युटरवर सांत्वनाचे निरोप येतच होते. गहिनीनाथांनी बराच वेळ ताटाला हात लावला नाही. मग ते ताट उचलून जिना उतरले आणि कारभारीच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसले. माणसांनी सरकून जागा दिली. शेजारच्या रंगनाथने अखेर हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून.

"थोरला भाऊ," गहिनीनाथ म्हणाले.