शोभाताईंच्या कोपऱ्याची तेरवी

झाडं लावणारी चार माणसं एकत्र आली, की झाड वाढो न वाढो, किस्से मात्र वाढतातच. त्यांना पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि आमच्या पुसदच्या उन्हातही ते करपत नाहीत. माझं घरातच ब्यूटी पार्लर आहे. बाई आयब्रो करायला खुर्चीत बसली, की तिचं दुखणं विसरवायला मी एखादा किस्सा सांगते. एकदा एकीला ऐन वेळी हसू फुटलं आणि तिची भुवई... जाऊ द्या. ती आता आमच्या गल्लीतून जात नाही.

तर आमचा ग्रुप. नाव ‘कुंडीवाले’. दर रविवारी सकाळी कुणाच्या तरी अंगणात जमायचं, त्याची झाडं पाहायची, फुकटचे सल्ले द्यायचे, चहा प्यायचा, उठायचं. माणसं मोजकीच. वीज खात्यातून रिटायर झालेले वानखडे काका, हायस्कूलचे राठोड सर, हॉस्पिटलात मेट्रन होत्या त्या गजभिये मॅडम, शोभाताई ठोंबरे आणि मी.

आमच्या ग्रुपमध्ये एक रीत आहे, ती आधी सांगितली पाहिजे. ज्याच्या हातून झाड मरतं, त्यानं ग्रुपला त्या झाडाची तेरवी घालायची!

ही रीत वानखडे काकांमुळे पडली. त्यांनी एक महागडं अँथुरियम आणलं आणि भर मे महिन्यात गच्चीवर ठेवलं. ‘त्याले हवा लागली पाह्यजे’ म्हणे! दोन दिवसांत त्याचा पापड झाला. काका तरी रोज त्याला पाणी घालून राह्यले, रोज त्याच्याशी बोलून राह्यले. शेवटी काकू वैतागल्या.

"अवो, तेरा दिवस झाले त्याले जाऊन! आता तरी कुंडी रिकामी करा!"

आम्ही तेव्हा अंगणातच बसलेलो. काकूंनी आत जाऊन गरम आलूबोंडे तळून आणले, आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "घ्या. तेरवीचं समजून खा."

तेव्हापासून नियमच झाला. गजभिये मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आमच्यात तेरवी करत नाहीत बरं. पण आलूबोंडे असले तर मी कोणत्याही झाडाले भेटाले येतो!"

*

नियम आला की पळवाट येतेच. पळवाट काढली राठोड सरांनी.

त्यांचा गुलाब वाळला होता. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार, म्हणजे तेरवी ठरलेली. पण जाऊन पाहतो तर काय, काटकीसारख्या गुलाबावर तीन टपोरी लाल फुलं! वानखडे काका तर भारावूनच गेले. "वा सर! याले म्हणतात हात!"

माझं पार्लर आहे. रंगवलेलं काय, चिकटवलेलं काय, मला फाटकातून कळतं. मी जवळ गेले आणि फूल हळूच उलटं केलं.

"सर, तुमच्या गुलाबाले स्टेपलर कधीपासून लागते?"

त्या दिवशी सरांना आलूबोंड्यासोबत जिलेबीही आणावी लागली. खोटेपणाचा दंड!

*

त्याची भरपाई म्हणून राठोड सरांनी मोबाईलमध्ये झाडं ओळखायचं ॲप घेतलं. फोटो काढा, नाव हजर. मग काय, सर गल्लीभर मोबाईल रोखून फिरायला लागले. "आता आपल्या ग्रुपले अनोळखी झाड राहणारच नाही!"

वानखडे काकांनी दुसऱ्या दिवशी एका कुंडीत रोप लावून सरांसमोर ठेवलं. "सांगा."

सरांनी फोटो काढला. ॲपनं जरा वेळ घेतला आणि उत्तर दिलं, ‘शोभेची जास्वंद.’

"बाप्पा!" काकांनी कपाळाला हात लावला. "यवतमाळ जिल्ह्यात राहून पऱ्हाटी नाही ओळखता येत याले! याले आठ दिवस मारेगावला पाठवा, कापूस येचाले!"

*

आता शोभाताईंचं. इथून पुढचं सगळं त्यांच्याच अंगणातलं.

शोभाताईंचं माहेर बाभुळगावचं. आई जायच्या आदल्या वर्षी त्या माहेरी गेल्या होत्या, तेव्हा आईनं अंगणातला एक कंद उकरून पिशवीत घालून दिला. "नाव नाही मालूम. पण उन्हाळा सरता सरता पाह्यजो, भुईतून नुसतं फूल निघते. ना दांडी, ना पान!" पुढं आई गेली, भावानं घर विकलं, नव्या मालकानं सगळं पाडलं. आईच्या हातचं जिवंत असं तेवढंच राहिलं.

ताईंनी कंद फाटकाजवळच्या कोपऱ्यात लावला. पावसाळ्यात पानं आली. काय पानं होती हो! वर चंदेरी नक्षी आणि खाली वाईन रंग. मी त्याच रंगाचं नेलपॉलिश मागवलं आणि ताईंना त्या पानाशेजारी उभं करून फोटोही काढला. पण फुलाचं कुणी ऐकलं नाही. पानाशिवाय फूल? भुईतून? आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी, दुसरं काय!

दिवाळी झाली आणि पानं पिवळी पडली, लोळली, वाळली. वानखडे काका गुडघ्यावर बसले. आमच्याकडं मृत्यू जाहीर करायचा मान त्यांचाच. त्यांनी माती चाचपली, वाळकं पान ओढलं, ते देठासकट हातात आलं.

"गेलं," काका म्हणाले.

शोभाताईंनी तेरवी घातली. आलूबोंडे, वर मिरचीचा ठेचा. वाढताना त्यांचे डोळे भरून येत होते, आणि आम्ही खातच होतो. "मिरची लागली वाटते ताईले," राठोड सर म्हणाले. मला तेव्हा सरांचा असा राग आला! पण माझ्याही हातात तिसरा आलूबोंडा होता.

*

ताईंचा मुलगा प्रशांत. पोरगा चांगला, पण हिशेबी डोक्याचा. त्यानं पुढच्या उन्हाळ्यात जुनी कार घेतली आणि पावसाच्या आधी अख्ख्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरवलं. गाडी फाटकातून आत घ्यायची, तर तो कोपरा मोकळा पाहिजे.

ताई म्हणाल्या, "तो कोपरा सोड. तिथं आईचं हाये काहीतरी."

"आई, काय हाये तिथं? तुह्याच ग्रुपनं त्याची तेरवी खाल्ली ना?"

घ्या! आम्हीच दिलेलं मयताचं सर्टिफिकेट आता ताईंच्या तोंडावर! ताई फक्त रोज सकाळी त्या कोऱ्या मातीवर तांब्याभर पाणी टाकत राहिल्या. प्रशांत पाहायचा आणि मान हलवायचा.

*

शनिवारी ट्रॅक्टर आला आणि फाटकाबाहेर गट्टू ओतून गेला. मजूर सोमवारी येणार होते. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी वळवाचा एक शिडकावा झाला.

रविवारी सकाळी शोभाताईंचा फोन. "सुनीता! ये! आत्ताच्या आत्ता ये!"

मी केसांना मेंदी लावलेली. तशीच डोक्यावर पिशवी घालून पळाले. बाकीचेही पोचले. शोभाताई कोपऱ्यात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी, भेगाळलेल्या मातीतून, एक फूल वर आलं होतं. पांढऱ्या पाकळ्या, मधली जांभळी. दांडी नाही, पान नाही. वास असा, की गल्लीतली माणसं फाटकाशी थांबून विचारत होती.

सगळेच एकदम बोलायला लागले.

"केशर!" वानखडे काका ओरडले.

"पुसदच्या उन्हात केशर? काका, टोपी घालत जा!" गजभिये मॅडम म्हणाल्या. त्यांना ते भूछत्र वाटत होतं. सरांच्या ॲपनं पहिल्या फोटोला ऑर्किड सांगितलं, दुसऱ्याला लसूण, आणि तिसऱ्याला हातच टेकले.

प्रशांत हाताची घडी घालून उभा. "हे पाहा, नाव सांगा. खरंखुरं नाव असंन तर हा कोपरा मी सोडतो. नाही तर लोकायले काय सांगू? एका निनावी गवतासाठी गाडी रस्त्यावर ठेवली म्हणून? उद्या सकाळी मजूर येऊन राह्यले."

ताईंनी एकेकाकडं पाहिलं. त्या नजरेपुढं मला उभंच राहवेना. मेंदीचा ओघळ कानामागून उतरत होता आणि मला पुसायचंही सुचत नव्हतं.

मी खाली वाकले. फुलाशेजारी मातीतून सुईएवढं काहीतरी वर आलं होतं. गुंडाळलेलं. बाहेरून वाईन रंग!

"अवं माय!" मी ओरडलेच. "हा तर माह्या नेलपॉलिशचा रंग!"

सगळ्यांना वाटलं, मेंदी डोक्यात गेली. मी पदर खोचला, मोबाईल काढला आणि पावसाळ्यातला तो जुना फोटो शोधला. ताई हसताहेत आणि शेजारी नक्षीदार पान, खालून वाईन रंगाचं.

"सर, अर्धं अर्धं कायले दाखवता त्याले? हे पान अन् हे फूल, दोन्ही संग टाका!"

सरांनी दोन्ही फोटो एकत्र टाकले. ॲप थांबलं. आम्ही श्वास धरून. आणि स्क्रीनवर नाव आलं: भुईचाफा!

"ज्यानं पऱ्हाटीले जास्वंद म्हटलं, त्याच्यावर मी गाडी बाहेर ठेवू?" प्रशांत म्हणाला. पोरगा चूक नव्हता.

मग गजभिये मॅडमनी आपलं हुकमी पान काढलं. त्यांची भाची यवतमाळला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. दोन्ही फोटो तिला गेले. दोन मिनिटांत तिचा फोन. मॅडमनी स्पीकर लावला.

"आत्या, भुईचाफाच हाये! उन्हाळ्याच्या शेवटी फूल येते, फूल सरत आलं की पानं. हिवाळ्यात वरचं सगळं वाळते, खाली कंद जिवंत राह्यते. लोकं मेलं समजून फेकून देतात, लय चूक करतात! तुम्ही नाही ना असं काही केलं?"

मॅडमनी घाईघाईनं स्पीकर बंद केला.

शोभाताई खुर्चीतून उठल्या. त्यांनी आधी फुलावरून बोट फिरवलं, मग पदरानं डोळे पुसले, आणि मग कमरेवर हात ठेवून आमच्याकडं वळल्या.

"जित्या झाडाची तेरवी खाल्ली तुम्ही! माह्या आईच्या झाडाची! काढा माहे आलूबोंडे!"

काय आवाज होता तो! इतक्या वर्षांत असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. वानखडे काका चपला शोधायला लागले. प्रशांत पहिल्यांदा हसला. फाटकाबाहेर गेला, दोन्ही हातांत गट्टू घेऊन आला आणि फुलाभोवती गोल मांडायला लागला. सोमवारी मजूर आले, ते त्या गोलाला वळसा घालूनच बसवत गेले.

पुढच्या रविवारी ग्रुपनं आपल्या खर्चानं भुईचाफ्याचं बारसं केलं. घुगऱ्या वाटल्या. पाळणा मी म्हटला. आलूबोंडे वानखडे काकांनी स्वतः तळले, बोटाला चटका लावून घेतला. ताई प्रत्येकाला विचारत होत्या, "मिरची लागली का?" राठोड सरांना दोनदा विचारलं.

*

आता शेवटचा. हा मी पार्लरमध्ये आयब्रो करताना सांगत नाही. फेशियल करताना सांगते.

यंदाच्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रशांतला सांगून आलेल्या मुलीच्या घरची मंडळी घर पाहायला आली, नेमकी आमच्या रविवारी. ताई म्हणाल्या, थांबा, आपलीच माणसं आहात. म्हणून आम्हीही बैठकीत सतरंजीवर. मुलीचे वडील मोठे बागायतदार, आवाज खणखणीत. पोहे खाऊन हात धुवायला अंगणात गेले. पाहतात तर गाडी रस्त्यावर उन्हात, आणि अंगणात गट्टूंच्या गोलात चार वाळकी पानं.

"काहून हो, हे मेलेलं झाड कायले सांभाळून राह्यले?" ते तिथूनच गरजले. "उपटून फेका! गट्टू टाका! गाडी आरामात आत येते!"

शोभाताईंचा पोह्यांचा चमचा बशीवर तसाच राहिला. सोयरीक मोडायची वेळ!

प्रशांत उठला. अंगणात गेला. सासरे होऊ घातलेल्या माणसासमोर उभा राहिला, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मामा, हळू बोला. झोपलं हाये ते."

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. मग खाली मातीकडं पाहिलं. मग मान खाली घालून, अगदी कानात सांगावं तसं विचारलं, "मंग... उठते केव्हा?"

"उन्हाळा सरता सरता," प्रशांतही तितक्याच हळू म्हणाला.

आत वानखडे काकांनी खिशातून मोबाईल काढला आणि सायलेंटवर टाकला.