वास नको असेल तर

आम्ही सुक्या मासळीवर वाढलो. आई बाजारात बोंबील आणि सुकट विकायची, आणि शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायला तयार नसे. घरातली पहिली पदवीधर मी. आयर्लंडला नोकरीला आले, तरी वासाची ती धास्ती काही गेली नाही.

बढतीची पार्टी घरीच ठेवली होती आणि ऑफिसच्या लोकांसाठी स्मोक्ड फिशचं सॅलड हवं होतं. तयार खाणं विकणारी दोन दुकानं, इथल्या भाषेत डेली, पालथी घातली. दोन्हीकडे मेयोनीजमध्ये मासा शोधावा लागत होता. तिसरी डेली नास गावातली. काउंटरमागे साठीची एक बाई धुरी दिलेला बांगडा सोडवत होती, तोही फोर्कने नाही, बोटांनी. अंगठा हलकेच फिरवायची, काटा लागला की उपसून बाजूला ठेवायची. माझी आई अगदी अशीच करते.

तिने पावाच्या तुकड्यावर थोडं सॅलड दिलं. चव फक्कड होती. तरी मी विचारलंच, "याहून कमी वासाचं काही आहे का? पाहुणे येणार आहेत."

तिने ॲप्रनला हात पुसले. "वास नको असेल तर कोंबडी ने, लव्ह. मासा आहे तो, त्यात लाजायचं काय?"

मला हसूच फुटलं. चांगलं दोन किलो घेतलं.

पार्टीत आमच्या मॅनेजरने दुसऱ्यांदा वाढून घेत विचारलं, "मासा इतका छान निवडायला कुठे शिकलीस?"

"माझी आई सुकी मासळी विकायची," मी सगळ्यांसमोर सांगितलं.

हे वाक्य मी घराबाहेर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.