सेफ्टीताई

सेफ्टीताई कुणालाच अंगठा दाखवत नसत. मुंबईच्या शूटिंग युनिटमध्ये शॉट जमला की सगळे अंगठे वर व्हायचे. ताई मात्र अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘सगळं ठीक’चा गोल करायच्या. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ एकच, ‘मला वर जायचंय’. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की एका लग्नात नवरदेवाने फोटोसाठी अंगठा वर केला, तर ताई ताट तसंच ठेवून उठल्या. मग स्वतःच हसत खाली बसल्या.

पाण्याखालच्या चित्रीकरणात नट-नट्यांना तोंडात हवेची नळी धरता येत नाही. श्वास रोखून दृश्य करायचं, आणि ते संपताच कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर थांबलेल्या सेफ्टी डायव्हरने झेपावून त्यांना हवा द्यायची. ताईंचं काम हे. पडद्यावर त्या कधीच दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तर शॉट वाया गेला असता.

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीची. कॅमेरा शिकून मुंबईला गेले आणि पहिल्यांदाच स्टुडिओच्या खोल टाकीत उतरायची वेळ आली, तेव्हा शिडी सोडायलाच तयार नव्हते. पाण्यातून आवाज आला, “काहून भिऊन राहिली? पाणी तुले वरतेच ढकलते. तू कायले त्याच्यासंग भांडून राहिली?”

आमच्याकडची बोली ऐकून भीती बाजूलाच राहिली. मी विचारलं, “ताई, तुम्ही कुठल्या?”

“चिखल्याची. अन् तू?”

“साकोली.”

“मंग त घरचीच निघाली!” असं म्हणून त्यांनी माझा पट्टा पुन्हा एकदा तपासला. घरची म्हणून जरा जास्तच जोरात ओढून.

त्यांचे वडील आमच्याच जिल्ह्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीत, भूमिगत कामाला. पाळी सुटायच्या वेळी वसाहतीतल्या बाया कामात असल्यासारखं दाखवायच्या, पण कान रस्त्याकडे असायचे. ताईंची आई तर वडिलांची चाहूल लागेपर्यंत तव्यावर भाकर टाकत नसे. “बाबा जमिनीखाली जात, मी पाण्याखाली,” ताई म्हणायच्या. “खाली गेलेला माणूस वर आला पायजे. बाकी सारं मंग.” पोहण्यात बक्षिसं मिळवून त्या नागपूरला तलावावर शिकवायला लागल्या, पुढे कोकणात समुद्रात बुडी मारायचं शिक्षण घेतलं आणि एका नटीच्या जागी उडी मारायला म्हणून या धंद्यात आल्या त्या आल्याच.

एका मालिकेत नववधू विहिरीत पडते असं दृश्य होतं. जरीचा घागरा पाण्यात वर तरंगू नये म्हणून त्याच्या घेरात शिशाचे तुकडे शिवले होते. नटी अगदी नवी मुलगी. पहिल्या टेकनंतर ती ताईंच्या आधाराने खोकत वर आली, डोळे मोठे झालेले. पण विचारलं तर “ठीक आहे” म्हणाली. दिग्दर्शकाने लगेच दुसरा टेक मागितला. ताईंनी मान हलवली.

“ती स्वतः तयार आहे. तुमचा काय प्रश्न आहे?” दिग्दर्शक चिडले.

“पोरगी नवीन आहे, सर. नवीन माणूस नाही म्हणत नाही. तिच्या वाटचं मी म्हणून राहिली.”

वाद वाढला, तेव्हा ताईंनी तोच घागरा मागून घेतला, अंगात चढवला आणि उतरल्या. मी कॅमेरा घेऊन खालीच होते. तळाला पाय टेकवून त्या एकट्याच वर यायला निघाल्या. अर्ध्यात घागरा पायांना गुंडाळला. ताईंनी हात मारले, पुन्हा मारले आणि अंगठा वर केला. मी कॅमेरा सोडून दिला. मी आणि आणखी एका डायव्हरने मिळून त्यांना वर आणलं. काठावर बसून दम घेत त्या दिग्दर्शकांना एवढंच म्हणाल्या, “आता सांगा.”

त्या दिवशी काम थांबलं. दुसऱ्या दिवशी शिसं घेरातून काढून एका झटक्यात सुटेल अशा पट्ट्यात घातलं आणि दृश्य सुरेख झालं. मालिकेच्या जाहिरातीत तेच दाखवायचे. त्या कंपनीने ताईंना मात्र पुन्हा बोलावलं नाही.

“वाईट वाटतं का?” मी विचारलं होतं.

“वाटते ना. काम आवडते मले. पण त्या पोरीच्या मायले फोन करणं मले जमलं नसतं.”

पुढे पाण्याच्या दाबाने एक कान गेला, डॉक्टरांनी बुडी बंद केली आणि ताई गावी परतल्या. आता टाकीत उतरण्याआधी नवी मुलं माझ्याकडे बघतात. मी कपडे, पट्टे, गाठी तपासते आणि कधी कधी ‘नाही’ म्हणते. दर वेळी वाटतं, आता हेही काम जाणार. तेव्हा कळतं, ताईंनाही असंच वाटत असणार.

गेल्या हिवाळ्यात भंडाऱ्याच्या तलावांवर माहितीपट करायला आले, तेव्हा चिखल्याजवळच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ताई आधीच येऊन बसल्या होत्या. पाणी गढूळ, हिरवं. स्वतःचा हातही दिसत नव्हता. माझ्या कमरेची दोरी त्यांनी धरली. दिवा अगदी जवळ धरून मी तळ टिपला आणि वर येऊन छोट्या पडद्यावर त्यांना दाखवला. शेवाळात दडलेली गोगलगाय, बारक्या मासोळ्या, कमळाचे लांबच लांब देठ.

ताई चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. “इथंच पोहायले शिकली मी,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटून बुडी मारत होतो आम्ही. खालतं असं आहे, मले माहीतच नव्हतं.”

ऊन उतरायला लागलं होतं. मी पायातले फिन्स काढायला वाकले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“अजून एकदा जा ना. तिकडं, कमळाच्या बाजूनं. मी दोरी धरून आहो.”