शकुन नर्स आणि वडावरची वटवाघळं

शकुन खंडारेचे वडील तिवस्याजवळ वीटभट्टीवर मजुरी करत. छप्पन साली घर बौद्ध झालं. पोरीला शिकवायचंच, असं वडिलांनी तेव्हा मनावर घेतलं. शकुन अकोल्याला नर्सचं शिक्षण घेऊन बाहेर पडली आणि मोर्शी तालुक्यातल्या एका संत्र्याच्या गावात नेमली गेली. ती बोलायची कमी. मात्र एकदा सांगितलं की शब्द फिरवत नसे, आणि गावाला तिचा हाच गुण आवडायचा.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात गावाच्या टोकाच्या वडाखाली वटवाघळं मरून पडू लागली. त्या झाडावर त्यांची मोठी वस्ती होती. बुडाशी बुधाजीचं घर होतं. बुधाजीही बौद्ध, गावातले बागायतदार महादेवराव यांच्या बागेत कामाला. रोज सकाळी त्याची बायको दुर्गाबाई मेलेली वटवाघळं फावड्यानं उचलून नाल्यात टाकायची.

लोक शकुनला विचारायला आले. प्राण्यांपासून येणाऱ्या रोगांवर शिक्षणात ऐकलेलं थोडं तिला आठवत होतं. त्याच्या जोरावर तिनं सांगून टाकलं, की हा रोग दिसतो, माणसालाही लागेल, वडाकडे कोणी फिरकू नका. मोर्शीच्या डॉक्टरांना तिनं निरोपही धाडला. उत्तर यायच्या आतच बुधाजी अंगणात कोसळला. मग गावाला दुसरं काही ऐकायचं राहिलं नाही. वटवाघळांचा रोग बुधाजीला लागला, आता तो गावभर पसरणार.

शकुन पेटी घेऊन धावली. बुधाजी घामानं निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. तिनं थर्मामीटर लावला. ताप नव्हता. तिथंच ती थबकली. रोग असता तर ताप हवा होता. तिनं त्याच्या पापण्या उघडल्या. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. अकोल्याच्या वॉर्डात असाच एक माणूस तिनं पाहिला होता, कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायचं विष अंगावर सांडलेला. शिकवणारे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, आधी बाहुल्या बघा.

"काल कोणतं काम केलं यांनी?" तिनं विचारलं.

दुर्गाबाई म्हणाली, "पेरूवर नवं औषध मारून राहिले होते. पंप गयत होता, त्यातल्या औषधानं सारी पाठ भिजली."

बुधाजीच्या सदऱ्याला लसणासारखा उग्र वास येत होता. दारात एक वटवाघूळ अजून जिवंत होतं. त्याच्याही तोंडाला लाळ होती, पंख थरथरत होते. ही वटवाघळं महादेवरावांच्या बागेच्या कडेचे पेरू खातात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

पेटीत या विषावर उतारा असलेल्या ॲट्रोपीनच्या कुप्या होत्या, पण डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय त्या फोडायच्या नाहीत असा नियम होता. निदान चुकलं असेल तर त्याच औषधानं माणूस हातचा जाईल. बुधाजीचा श्वास घरघरत चालला होता. शकुननं कुपी फोडली. सुई टोचल्यावर तिनं दुर्गाबाईला साबणानं त्याचं अंग धुवायला लावलं आणि स्वतः नाडीवर बोट ठेवून बसली. हळूहळू लाळ कमी झाली. बाहुल्या मात्र मोठ्या होईनात. तिनं आणखी एक कुपी फोडली.

बाहेर गलका वाढला होता. माणसं रॉकेलचा डबा घेऊन आली होती. झाड पेटवायचं आणि घरही. महादेवराव पुढं होते, त्यांच्या शेजारी गावातलाच एक बागायतदार किसनराव. शकुन ओल्या हातांनीच बाहेर आली.

"म्या सांगतलं ते चुकीचं होतं," ती म्हणाली. "हा रोग नाही. हे फवाऱ्याचं जहर आहे."

किसनराव म्हणाला, "काल रोग होता, आज जहर झालं? आपल्या मानसाले वाचवून राहिली तू."

शकुन त्याच्याकडे न बघता महादेवरावांना म्हणाली, "भाऊ, आज तुमच्या बागेत पंप कोणाच्या पाठीवर आहे?"

महादेवरावांचा धाकटा भाऊ नत्थुजी सकाळपासून फवारत होता. बुधाजी आला नाही म्हणून त्यांनीच त्याला पाठवलं होतं. ते वळले आणि बागेकडे चालू लागले. थोडं गेल्यावर पळतच सुटले.

नत्थुजी बांधावर ओकत बसलेला सापडला. मग महादेवरावांनीच जीप काढली आणि दोघांना त्याच जीपमध्ये घालून अमरावतीला नेलं. शकुन मागं बुधाजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पायाशी एका डब्यात तपासायला घेतलेली मेलेली वटवाघळं आणि काही पेरू होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघांना दाखल करून घेतलं आणि तिला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भगवंतराव देशकरांकडे पाठवलं. त्यांनी वटवाघळांच्या पोटातला अर्क काढून कॉस्टिक सोड्यात तापवला. नळीत त्या विषाची खूण असलेला पिवळा रंग उतरला. शकुनला हायसं वाटलं, पण भगवंतराव म्हणाले की एवढ्यावर काही सांगता येणार नाही, ताडून बघायला दुसऱ्या गावचं, फवारा न लागलेलं वटवाघूळ हवं. ते चांदूर बाजारहून आणवलं. त्याच्या अर्काचा रंग बदलला नाही. मग हे फवाऱ्याचंच विष आहे, असं त्यांनी आपल्या सहीनं लिहून दिलं.

नत्थुजी आठवड्यात उठला. बुधाजी वाचला, पण उजव्या हाताचा कंप गेला नाही, आणि पुढं तो बागेत कामाला गेला नाही. महादेवरावांनी त्याला राखणीवर ठेवतो म्हणून निरोप पाठवला. दुर्गाबाईनं नको म्हणून सांगितलं.

वड मात्र जीप अमरावतीला गेली त्याच संध्याकाळी पेटला होता. कोणी पेटवला ते कोणी सांगितलं नाही. घर राहिलं, वटवाघळं उडून गेली. डॉक्टरांना न विचारता सुई दिली म्हणून शकुनला जाब द्यावा लागला आणि वर्षभरात तिची बदली झाली.

नंतर अकोल्याला ती नव्या मुलींना शिकवू लागली. फवाऱ्याच्या विषाचा धडा ती स्वतः घ्यायची. त्यात ती आधी आपण गावाला काय सांगून बसलो होतो ते सांगायची, बाहुल्यांचं त्यानंतर. गावोगावी नेमलेल्या तिच्या मुली मेलेले पक्षी आणि वटवाघळं दिसली की कळवत, आणि शकुन ती तपासायला अमरावतीला भगवंतरावांकडे पाठवून देई.