खिशाची वाकळ

ज्या दिवशी माझ्या शेरवानीची वाकळ झाली, त्या दिवशी आमच्या घरात धंदा सुरू झाला.

निजामाच्या राज्यात मी येडशीजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. माझी बायको अंबू जुन्या लुगड्या-धोतरांच्या वाकळा शिवायची. तिचे टाके पाहून कळंबच्या एका व्यापाऱ्यानं एकदम पाच मागितल्या. विकायला! तोवर अंबूच्या वाकळा माहेरी जायच्या, नाहीतर शेजारच्या बाळंतिणीला. तिला जेवण सुचेना. चार झाल्या आणि घरातलं जुनं कापड संपलं.

मी वाचत बसलो होतो. तिनं काहीतरी विचारलं. मी "हूं" म्हणालो. (माझ्या संसारातलं निम्मं बोलणं एवढंच.)

चौथ्या दिवशी शाळेच्या तपासणीला साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर शेरवानीशिवाय उभं राहणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. सकाळी ट्रंक उघडली. शेरवानी नाही!

"अहो, तुमीच तर व्हय म्हणलात," अंबू म्हणाली. "कोपरं फाटलीत, वाकळंला घेऊ का, म्हणून तीन डाव इचारलं."

तेवढ्यात स्टेशनावरून साहेबांचा छकडा आल्याची वर्दी आली. मी नुसत्या सदऱ्यावर निघालो. साहेबांना बसायला काही बरं हवं, म्हणून ढिगातली वरची वाकळ उचलली. तिच्याकडं पाहिलं नाही. डोळे पुस्तकात होते.

साहेबांनी आधी शेरवानीच विचारली. धोब्याकडं आहे, असं मी ठोकून दिलं. ते वाकळीवर बसले, बाजूला हात टेकला, आणि तो हात मनगटापर्यंत आत गेला! बाहेर आला तो खडूचा तुकडा, चार फुटाणे आणि एक कागद घेऊन. कागद त्यांच्याच सहीचा हुकूम होता: तपासणीला मास्तरांनी शेरवानी घालावी. (हरवू नये म्हणून मी तो शेरवानीच्या खिशात जपला होता. माझ्या कागदांना हात लावायचा नाही, ही घरात माझी सक्त ताकीद. म्हणून अंबूनं खिसा आतल्या ऐवजासकट वाकळीवर शिवला होता.)

"मास्तर, ये क्या है?"

"जनाब, आपण शेरवानीवरच बसलात."

पोरं पाढे म्हणायची थांबली. माझी नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो. साहेबांनी वाकळ उलटून पाहिली, बोटानं टाके चाचपले.

"दो चाहिए," ते म्हणाले. "जेब के साथ. पानदान रखने को."

मग काय! कळंबच्या व्यापाऱ्यालाही खिशाच्याच हव्या झाल्या. अंबूनं गावातल्या चार बायका हाताशी घेतल्या, आणि माझ्या एकाही सदऱ्याला खिसा उरला नाही.

यंदा मार्गशीर्षात अंबू गेली. ती शेरवानीची वाकळ तिनं कधी विकली नाही. ती माझ्या अंथरुणावर आहे. रात्री मी तिच्या खिशात चष्मा ठेवतो, आणि सकाळी घरभर शोधतो.