अजून एक कडवं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला डोळे मिटायला सांगितले की सगळे मिटायचे, एक मालनमावशी सोडून. मंडळी भरायची ती आटपाडीतल्या एका लांबट पत्र्याच्या हॉलमध्ये. पुढे लाकडी चौथरा, समोर बारा बाकं, आणि चौथऱ्याच्या डाव्या अंगाला पायपेटी. तिच्यामागे मालनमावशी आमच्याकडे तोंड करून बसायची. चपला काढून, निऱ्या जरा वर खोचून, दोन्ही पाय खालच्या पायपट्ट्यांवर. पाय हलत राहिले तरच भात्यात वारा भरायचा आणि तरच सूर निघायचा. पाय थांबले की गाणं जिथल्या तिथे बसायचं. एवढं लक्षात ठेवा, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या पायांचं आहे.

ती डोळे उघडे ठेवते हे मला कळलं म्हणजे माझेही उघडेच असणार, हे तुम्ही ओळखलं असेलच. मी बोटांच्या फटीतून बघायची. एकदा आमची नजरानजर झाली. तिने नुसती भुवई उडवली. नंतर मी धीर करून विचारलं तर म्हणाली, "पट्ट्या बघाय नगो व्हय? मी कशाला बघती ते द्येवाला ठावं हाय." पट्ट्या बघायची तिला काडीची गरज नव्हती. ती माणसं बघायची.

मावशी शिंपीण होती. एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत तिचं एका खोलीचं दुकान. निम्म्या गावाच्या पोरींचे झगे आणि बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. तिचे वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून ती शिकली होती. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर ती ख्रिस्ती विश्वासात आली, तेव्हा मंडळीला कुठूनशी ही जुनी पायपेटी मिळालेली होती आणि ती कुणालाच वाजवता येत नव्हती. मावशी बसली आणि वाजवायलाच लागली. "पेटी बापानं शिकविली, पाय मशिनीनं," असं ती सांगायची.

तिच्या चालींवरून आमचे पास्टर अधूनमधून बिथरायचे. "मालनबाई, ही चाल भजनाची वाटते," असं ते एकदा उपासनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाले. मावशी घामेजलेली बोटं पदराला पुसत म्हणाली, "पास्टर, सूर सातच हायती. तुमच्यासाटनं आठवा कुटनं आणू?" पास्टर हसले. माणूस वाईट नव्हता. पण हरवलेल्या जिवांची काळजी त्यांना झोपू देत नसे आणि ती काळजी ते आम्हालाही भरपूर वाटून द्यायचे.

मावशीचे यजमान सर्जेरावमामा फौजेतून परतलेले. त्यांनी तिला कधी अडवलं नाही. "तू जा. मला तेवढं वढू नगंस," एवढीच त्यांची अट. दर रविवारी ते तिला स्कूटरवरून आणून सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली पेपर वाचत बसायचे. आत प्रार्थनेत मावशी एकच नाव घ्यायची. ते मामांचं, आणि मागणं एकच, त्यांनी एकदा पुढे यावं; साऱ्या मंडळीला ते पाठ होतं.

आता माझ्या भीतीबद्दल. प्रभू येशू कोणत्याही क्षणी परत येईल, त्याचे लोक वर स्वर्गात उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, हे मी पाढ्यांबरोबर शिकले. शाळेतून आले आणि घराला कडी दिसली की मला वाटायचं, मी मागे राहिले. आई गिरणीत गेलेली असायची, पण माझ्या मनात आई वर गेलेली असायची. मग मी दप्तरासकट स्टँडच्या मागल्या गल्लीत पळत सुटायची. मावशीचं मशीन वाजताना ऐकू आलं की उभ्या उभ्या रडू यायचं. कारण प्रभू आला असता तर पहिल्यांदा तिलाच नेलं असतं. मशीन चालू आहे म्हणजे अजून वेळ आहे.

या भीतीला खतपाणी घालायचं ते आवाहनाचं गाणं. प्रवचन संपलं की पास्टर सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे आणि ज्यांना प्रभूला स्वीकारून तारण हवंय त्यांनी पुढे यावं म्हणायचे. मावशी हलक्या हाताने ते गाणं सुरू करायची. चार कडवी. अजून कशाची वाट पाहतोस, असं त्यात विचारलेलं. चार कडवी संपून कुणी आलं नाही की पास्टर हात वर करून म्हणायचे, "अजून एक जण आहे. प्रभू मला सांगतोय. अजून एक कडवं." आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून.

तो एक जण मीच, याविषयी मला कधी शंका आली नाही. आठव्या वर्षी मी पहिल्यांदा पुढे गेले. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला, आई रडली, मला पिसासारखं हलकं वाटलं. ते मंगळवारपर्यंत टिकलं. मंगळवारी मी बहिणीशी खोटं बोलले आणि वाटलं, तारण झालेलंच नाही. पुढच्या सभेत पुन्हा गेले. बाराव्या वर्षापर्यंत माझं अकरा वेळा तारण झालं. पहिल्या तीन वेळा टाळ्या पडल्या. पुढे पुढे पास्टर माझ्या डोक्यावर हात ठेवून नजर बाकांवर फिरवायचे, आणखी कोणी येतंय का म्हणून. आईला तर लाजच वाटायला लागली होती.

नाताळच्या झग्याचं माप घेताना मावशीने विषय काढला. "आणि किती येळा जाणार हायस गं तू?"

"पण पक्कं झालं नसंल तर, मावशी?"

तिने टेप गळ्यात टाकली. खाली पडलेली एक चिंधी उचलली, मशीनखाली घातली आणि एका रेषेवर टीप मारली. मग त्याच रेषेवर पुन्हा. आणि पुन्हा. सात-आठ वेळा झाल्यावर चिंधी माझ्या हातात दिली. "वढ." मी ओढली आणि ती बरोबर शिवणीवर टर्रकन फाटली.

"बघ. येकदा मारल्याली शिवण पुन्ना पुन्ना मारली की कापड टाक्यांनीच फाटतंय. येक टाका घाटलाय न्हवं द्येवानं? मग ऱ्हाऊ दे की."

मला पटलं. पण भीतीला पटणं निराळं असतं. ती चिंधी मी बायबलात ठेवली आणि त्याच दिवसापासून पुढच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजायला लागले.

मे महिन्यात विशेष सभा झाल्या. बाहेरगावचे वक्ते आले होते. शेवटच्या सभेला, रविवारी भरदुपारी, पत्रा तापून हॉलची भट्टी झालेली. आज जायचं नाही, असं मी ठरवून बसले होते. आवाहनाचं गाणं सुरू झालं. चार कडवी झाली. कुणी उठलं नाही. "अजून एक जण आहे." पुन्हा चार. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांत कुसळ गेलेलं नंतर दिसलं. वक्त्यांचा आवाज चढला. उद्याचा दिवस कुणाला माहीत, प्रभू दाराशी उभा आहे, अजून एक कडवं. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. मी डोळे उघडले. मावशी माझ्याकडेच बघत होती. मला राहवेना. मी अर्धी उठले.

आणि गाणं बसलं. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध पेटीतला वारा संपला, सूर घरंगळत खाली गेले आणि गप्प झाले. सगळ्यांचे डोळे उघडले. मावशीचे दोन्ही पाय फरशीवर होते.

"पायात गोळा आला," ती म्हणाली.

मी खाली बसले. वक्त्यांनी कसाबसा आशीर्वाद उच्चारला. अर्धी उठूनही मी पुढे गेले नाही, असं ते पहिलंच आवाहन. पत्रा कोसळला नाही, जमीन फाटली नाही. घरी जाऊन मी दोनदा भात घेतला आणि मंगळवार कधी उलटला ते मला कळलंही नाही. त्यानंतर मी पुन्हा कधी पुढे गेले नाही.

मावशीला मात्र ते महागात पडलं. पवित्र आत्म्याच्या कामात अडथळा आणला, असं मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींच्या बैठकीत ठरलं. गोळा कुणाच्याही पायात येतो, असं एकानेही म्हटलं नाही. पुढे कीबोर्ड आला आणि पास्टरांचा मुलगा तो वाजवू लागला. त्यात तालाचं बटण होतं. ते दाबलं की माणूस असो नसो, ताल चालूच. मावशी तिसऱ्या बाकावर बसून टाळ्या वाजवायची. अडगळ झालेली पायपेटी तिने मागून घेतली आणि दुकानात मशीनशेजारी ठेवली. तिथेच तिने मला वाजवायला शिकवलं. पहिलं गाणं शिकवलं ते तेच, आवाहनाचं. मी पेटीवरून हात उचलले तशी म्हणाली, "आगं, ह्ये भ्या घालायचं गाणं न्हाई. लय गोड गाणं हाय. लेकराला जेवाय हाक मारावी तसं वाजीव. येक हाक, लय तर दोन. आलं तर आलं."

आज माझ्यात जो काही विश्वास उरला आहे, तो त्या दोन हाकांएवढाच आहे. प्रवचनं सगळी विसरले.

पुढे मी शिरवळला आले. एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. बाटल्यांची झाकणं नीट बसलीत का, हे पुन्हा तपासण्याचा मला पगार मिळतो. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती.

गेल्या दिवाळीच्या सुटीत भेटायला गेले तेव्हा ती हसण्याच्या पलीकडे गेली होती. सर्जेरावमामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाचीने तिची खाट दुकानातच टाकली होती, मशीन आणि पायपेटीच्या मधे. मी जवळ बसले. इकडचं तिकडचं झालं आणि ती एकाएकी म्हणाली, "त्या दिशी तुजा मामा आत हुता."

मला कळेना, कुठल्या दिवशी.

"मी पाय उचलला त्या दिशी. भायेर ऊन सोसंना म्हणून आत येऊन बसला हुता. पार मागच्या बाकावर, दारापाशी. सगळ्यांचं डोळं मिटल्यालं. मी बगत हुते. तिसऱ्या बारीला त्यानं म्होरल्या बाकावर हात ठिवला. उठताना ठिवतोय बघ माणूस, तसा." ती दम खायला थांबली. "आन् हिकडं तू उठाय लागलीस. त्वांड पांढरं फटक. मला वाटलं, पोरगी पडती आता. मग मी पाय उचलला."

मी तिचा हात धरला. तो नुसता हाडांचा राहिला होता.

"घरी जाताना गाडीवर म्हनला, चांगलं चाललं हुतं की गं, का थांबलीस? मी काय बोलले न्हाई. त्यानंबी पुन्ना काय काडलं न्हाई. आन् आत कवा पाऊल ठिवलं न्हाई." तिचे डोळे छपराच्या पत्र्याकडे लागले होते. "गुडगं दुखायचं त्याचं. नुसता पाय मोकळं कराय उठत असंल. व्हय न्हवं? रोज सोताला सांगती. रोज वाटतंय, न्हाई, त्यो येत हुता."

मला लाज वाटली, अपराधी वाटलं. बारा वर्षांच्या एका घाबरट पोरीसाठी हिने काय सोडलं होतं, आणि ते एवढी वर्षं एकटीने वागवलं होतं. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच म्हणाला होता, शिवण पुन्हा पुन्हा..."

"दुसऱ्याला सांगाय सोपं असतंय, पोरी," ती म्हणाली. "आतनं चाळण झालीया माजी."

नाताळाच्या आधीच ती गेली. "माज्या येळंला बटनाचं वाजवू नगा," असं तिने भाचीला सांगून ठेवलं होतं. म्हणून पायपेटी टेम्पोत घालून पुन्हा हॉलमध्ये आणली आणि मला वाजवायला बसवलं. मी चपला काढल्या. समोर बाकं, चौथऱ्यापुढे पांढऱ्या चादरीखाली मावशी. दुसऱ्या बाकावर माझी नऊ वर्षांची लेक शेरॉन. मागे मामांच्या गावाकडची माणसं दाटीवाटीने बसलेली, मंडळीत कधी न आलेली.

कीबोर्ड वाजवणारा मुलगा आता पास्टर आहे. मावशीबद्दल बोलताना तो खरोखर रडला. मग त्याने डोळे पुसले, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि माझ्याकडे मान हलवली. मी आवाहनाचं गाणं धरलं. लेकराला हाक मारावी तसं. चार कडवी झाली. कुणी आलं नाही.

"अजून एक जण आहे," पास्टर म्हणाला. आवाज हुबेहूब वडिलांचा. "मला दिसतंय. अजून एक कडवं."

मी पुन्हा सुरू केलं आणि शेरॉनकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. ती झग्याची कड मुठीत चुरगाळत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला माझ्या भीतीबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही. तरी ती भीती होती तिथे, जशीच्या तशी. तिने एक पाऊल बाकाबाहेर टाकलं.

त्याच वेळी पार मागे, दाराकडे, एक बाक करकरलं. कुणीतरी उठत होतं, किंवा नुसतं हलत होतं.

मान वर केली असती तर दिसलं असतं. माझे पाय चालू होते. मला मावशीसारखं व्हायचं होतं, तिच्याएवढं धाडस हवं होतं. पण मला मागे बघवलं नाही. मी पाय उचलले. सूर घरंगळले आणि बसले.

"पायात गोळा आला," मी म्हणाले.

शेरॉन खाली बसल्याचा आवाज आला. आवाजच, कारण मालनमावशीने मामांना आणि मला, दोघांनाही बघून पाय उचलला होता आणि मी डोळे गच्च मिटून.